डोळ्याचा दोर, हाताचा दोर

मासेमारीच्या छंदाला लागलेला मनुष्य रॉड निवडताना जितका विचार करतो, रिळाच्या चकचकीत धातूकडे जितक्या प्रेमाने पाहतो, आणि पिसे, केस व सोनेरी तारा हुकावर गुंडाळून केलेल्या त्या इवल्याशा कृत्रिम भक्ष्यांवर, म्हणजे फ्लायवर, जितके पैसे बिनदिक्कत उडवतो, त्याच्या दशांश विचारही तो लाइनच्या बाबतीत करीत नाही. आणि तरीही फ्लाय-फिशिंग या कलेत एखादी वस्तू खऱ्या अर्थाने प्रधान असेल तर ती लाइनच होय. इतर प्रकारच्या गळांत शिशाचे वा धातूचे आमिष स्वतःच्या वजनाने पुढे झेपावते आणि दोर त्याच्यामागून फरफटत जातो. येथे सारा प्रकार उलटा आहे. फ्लायला स्वतःचे असे वजन जवळजवळ नसतेच. म्हणून ते दोराला द्यावे लागते, फेकायचा तोही दोरच, आणि त्या फेकीला जोर देण्यापुरतेच काय ते रॉडचे काम. नदीतील शांत डोहात हे तत्त्व विसरून गेलेला मनुष्यही कसाबसा निभावून नेतो. परंतु किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात, जेथे वारा, लाट आणि भरती-सुकतीचा ओघ ही तिन्ही एकाच वेळी आपापला हक्क सांगत असतात, तेथे चुकीची लाइन घेऊन उभा राहिलेला माणूस दिवसभर पाण्याशी वाद घालतो आणि मासा त्या वादात पक्षकारसुद्धा नसतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर टोकाला, मेरिमॅक नदी अटलांटिकला मिळते त्या मुखाशी, न्यूबरीपोर्ट नावाचे जुने बंदर आहे. तेथे माझ्या परिचयाचे एक कुटुंब राहते, आणि त्या कुटुंबात लाइन या विषयावर गेली कित्येक वर्षे एक दावा चालू आहे. वादी रत्नागिरीच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सारे अण्णा म्हणतात; प्रतिवादी त्यांचे जावई, व्यवसायाने रसायन-अभियंते, प्लास्टिकच्या गुणदोषांत मुरलेले. अण्णांचे बालपण खाडीच्या काठी गेले. वेताच्या काठीशिवाय, नुसत्या बोटावर दोरी धरून गरीला लागलेली तांबोशी कालवांच्या खडकांतून बाहेर ओढण्याचा सराव त्यांना अंकलिपीच्या आधी झाला. जावयांनी मासेमारी येथेच, आणि पुस्तके वाचून, शिकली. अण्णा दर वर्षी उन्हाळ्यात मुलीकडे येतात आणि त्यांच्या आगमनाचा काळ व स्ट्राइप्ड बास, म्हणजेच स्ट्रायपर, या माशाच्या आगमनाचा काळ एकच असतो. चेसापीकच्या उपसागरात आणि हडसन नदीत जन्मलेला, अंगावर काळ्या रेषा असलेला हा मासा वसंतात किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेकडे चढत मे महिन्यात या भागात पोहोचतो आणि थंडीची चाहूल लागली की परत फिरतो. अण्णांचेही तसेच.

त्यांच्यातील वाद मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि ज्या मुद्द्यावर त्यांचे मतभेद नाहीत तो आधी सांगून टाकतो.

तो मुद्दा वजनाचा. पूर्वी लाइन रेशमाच्या असत आणि त्यांची जाडी अक्षरांनी दर्शवीत. रेशीम सर्वत्र सारखेच असल्यामुळे जाडी कळली की वजन कळे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि प्लास्टिक आले. मिशिगनमधील मिडलंड गावी १९४५ साली सुरू झालेल्या सायंटिफिक अँगलर्ससारख्या कंपन्यांनी विणलेल्या गाभ्यावर प्लास्टिकचा लेप चढवून लाइन बनविण्यास आरंभ केला, आणि समान जाडीच्या दोन लाइनींचे वजन समान असेलच याची शाश्वती उरली नाही. तेव्हा १९६० च्या सुमारास अक्षरे जाऊन आकडे आले. टोकाचा सरळ तुकडा वगळून लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजायचे आणि त्यावरून तिला क्रमांक द्यायचा, असा तो शिरस्ता. आठ क्रमांकाला २१० ग्रेन, नऊला २४०, दहाला २८०. रॉडवरही तोच क्रमांक असतो, आणि या किनाऱ्यावर नऊ फुटी, नऊ क्रमांकाचा रॉड बहुतेकांच्या हाती दिसतो.

“ग्रेन ग्रेन काय करता, जावईबापू,” अण्णा एकदा म्हणाले, “तोळा म्हणजे १८० ग्रेन, हे १८३३ साली कंपनी सरकारने आमच्याकडे कायद्याने ठरवून दिले आहे. तुमची आठ नंबरची लाइन एक तोळा दोन मासे, आणि नऊ नंबरची एक तोळा चार मासे. बरोबर हिशेबात बसते. सोनाराच्या पेढीवर एवढ्या वजनाची साखळी घेताना आम्ही दोनदा काटा पाहायचो. तुम्ही खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवता.”

“तो ठेवू नयेच, अण्णा,” जावई म्हणाले. “हल्लीचे रॉड ताठ झाले, म्हणून कारखानदारही नऊ म्हणून जी लाइन विकतात तिच्यात अर्धा-एक क्रमांक वजन जास्त घालतात. लाइन पटकन रॉड वाकवते, नवशिक्याला बरे वाटते, दुकानदाराचा माल खपतो. म्हणून खोक्याच्या मागच्या बाजूला ग्रेनचा खरा आकडा छापलेला असतो तो वाचावा, आणि वजन किती फुटांत वाटले आहे तेही पाहावे. जड भाग आखूड असेल तर लाइन चटकन सुटते, वाऱ्यात घुसते, पण पाण्यावर धपकन पडते.”

येथवर दोघांत एकवाक्यता. दावा यापुढे सुरू होतो, आणि तो असा, की ती एक तोळा चार माशांची लाइन पाण्यावर तरंगावी, की पाण्याच्या कातडीखाली शिरून सावकाश बुडत जावी.

तरंगत्या लाइनच्या लेपात काचेचे सूक्ष्म पोकळ गोल मिसळलेले असतात, म्हणून ती पाण्यापेक्षा हलकी. बुडत्या लाइनच्या लेपात टंगस्टनची पूड असते. या दोहोंच्या मध्ये एक प्रकार आहे, ज्याला सर्वजण इंटरमीडिएट म्हणतात. तिची घनता पाण्यापेक्षा किंचितच अधिक, त्यामुळे ती सेकंदाला दीड-दोन इंच या गतीने खाली जाते. दहा आकडे मोजले तर हातभर. अण्णा इंटरमीडिएटचे कैवारी आहेत, जावई तरंगत्या लाइनचे. प्रथमदर्शनी हा खोलीचा वाद वाटतो, आणि दुकानांतील फलकांवर तो तसाच मांडलेला असतो: मासा वर असेल तर ही घ्या, खाली असेल तर ती. मला ही मांडणी अपुरी वाटत आली आहे, कारण हातभर पाण्यात उभे राहूनही या दोघांचा वाद मिटत नाही हे मी पाहिले आहे.

जावयांचे प्रमाण-स्थळ म्हणजे केप कॉडवरील ब्रूस्टर गावासमोरची वाळू. केप कॉडच्या उपसागरात भरती-सुकतीतील अंतर नऊ-दहा फुटांचे. सुकतीला किनाऱ्यापासून पार दूरवर वाळू उघडी पडते, आणि भरती लागली की त्या पांढरट वाळूवरून गुडघाभर, मग मांडीभर, काचेसारखे पाणी चढू लागते. त्या पाण्याबरोबर मासे येतात आणि ते दिसतात. मासा बहुधा दिसत नाहीच, त्याची वाळूवरची सावली दिसते.

“आता अशा वेळी काय करायचे, सांगा,” जावई म्हणतात. “सावली डावीकडून येते आहे. तिच्या वाटेवर आठ-दहा फूट पुढे फ्लाय पडली पाहिजे. मागे पडली तर व्यर्थ, डोक्यावर पडली तर मासा उधळतो. मी टाकतो, आणि नेमका त्याच क्षणी मासा वळतो, कारण मासे वळतातच. तरंगती लाइन असेल तर ती पाण्याच्या वरच पसरलेली असते. एका झटक्यात मी तीस-चाळीस फूट उचलतो, हवेत एक झोका, आणि फ्लाय नव्या वाटेवर. दोन सेकंदांचे काम. तुमची इंटरमीडिएट तोवर पाण्याखाली गेली. तिला ओढत आणा, रोल कास्ट करून पाण्यावर काढा, मग उचला, मग टाका. एवढ्यात तो मासा पुढच्या गावी पोहोचला. ज्याला दुसरी फेक नाही त्याला ब्रूस्टरला मासा नाही.”

रोल कास्टचा हा उल्लेख ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा उलगडायला हवा. बुडालेली लाइन सरळ उपसून काढू गेले तर पाण्याचा भार रॉडच्या शेंड्यावर येतो, शेंडा वाकतो, लाइन हिसका देऊन सुटते आणि फ्लाय कानाच्या दिशेने येते. म्हणून आधी बरीचशी लाइन हाताने आत ओढायची, रॉड हळूहळू खांद्यामागे न्यायचा, त्याच्यामागे लाइनची एक ढिली कमान लोंबू द्यायची, आणि मग पुढे खाली एक जोरदार फटका मारून ती कमान चाकासारखी पाण्यावरून पुढे लोटायची, जेणेकरून बुडालेला भाग वर येऊन क्षणभर पृष्ठभागावर आडवा पडतो. त्याच क्षणी तो उचलायचा. तो क्षण गेला की लाइन पुन्हा खाली जाऊ लागते. अण्णा हे सर्व अतिशय देखणे करतात, आणि जावईही ते मान्य करतात. त्यांचे म्हणणे एवढेच, की देखणेपणात चार सेकंद गेले.

“तुमचा सगळा खटला डोळ्याने पाहिलेल्या साक्षीवर उभा आहे,” अण्णांचे उत्तर ठरलेले. “मी चाळीस वर्षे कोर्टाच्या दप्तरात बसलो. डोळ्याने पाहणारा साक्षीदार ऐनवेळी उलटतो. ढग आला की तुमचे पाणी शिशासारखे होते, दुपारचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की त्यावर सुरकुत्या पडतात, आणि मग काय पाहणार? तेव्हा साक्ष कोणाची? बोटाची. माझी लाइन लाटेखाली आहे, फ्लायही तिथेच आहे, मध्ये ढिलाई नाही. माशाने नुसते तोंड लावले तरी मला कळते. तुमची लाइन वर, फ्लाय खाली. प्रत्येक लाट तुमच्या लाइनला उचलते, खाली सोडते, आणि तुम्ही जे ओढता त्यातला निम्मा ओढा ती कमान सरळ करण्यात खर्ची पडतो. मासा येऊन, चव घेऊन, नापसंत करून गेला तरी तुमच्याकडे नोंद नाही.”

हे खरे आहे. उघड्या समुद्रकिनारी, न्यूबरीपोर्टजवळच्या प्लम बेटाच्या पुळणीवर, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फेसाळ लाटांत तरंगती लाइन टाकणाऱ्याची स्थिती मी पाहिली आहे. लाइन एका लाटेच्या माथ्यावर, फ्लाय दुसरीच्या पोटात, आणि परतणारे पाणी दोघांना एकत्र गुंडाळून माणसाच्या पायाशी आणून टाकते. तेथे इंटरमीडिएट पाण्याच्या फुगवट्याखाली शिरते आणि शांत राहते. शिवाय वाऱ्याचा प्रश्न आहेच. काचेचे गोल पोटात असल्यामुळे तरंगती लाइन त्याच वजनाला जाड होते, आणि जाड वस्तूला वारा अधिक धरतो. त्या पुळणीचा मोठा भाग अभयारण्यात मोडतो, आणि चिखलपाखरांच्या जातीचा एक चिमुकला पक्षी वाळूवर घरटी करतो म्हणून १ एप्रिलपासून तो माणसांना बंद असतो. अण्णांना या हुकमाचे विलक्षण कौतुक आहे. पक्ष्याच्या अंड्यांसाठी मैल न् मैल किनारा जप्त करणारे सरकार आणि २८ ते ३१ इंच एवढ्याच लांबीचा एकच मासा दिवसाला ठेवण्याची मुभा देणारे सरकार, ही त्यांच्या मते कागदावर अंमल चालविण्याची शेवटची उदाहरणे उरली आहेत. मासा लहान असला तर सोडा हे त्यांना समजते. फार मोठा झाला म्हणून सोडा, या नियमात त्यांना निवृत्तिवेतनाचा सुगंध येतो.

जावई मात्र वाऱ्याचा आणि लाटेचा मुद्दा सोडून देऊन ओघाकडे वळतात. “नदीच्या मुखाशी सुकतीचे पाणी आडवे वाहते. मी ओघाला काटकोनात लाइन टाकली, की मधला पट्टा वेगात असल्यामुळे लाइनचा मधला भाग पुढे पळतो, त्याची कमान होते, आणि ती फ्लायला अशा वेगाने ओढते की कोणताही शहाणा मासा तिला खाद्य समजणार नाही. तरंगती लाइन असेल तर रॉडच्या शेंड्याने ती कमान उचलून ओघाच्या वरच्या अंगाला टाकता येते. पाण्याखाली गेलेल्या लाइनला असे काही करता येत नाही. ती एकदा टाकली की झालेला निवाडा. त्यावर अपील नाही.”

“अपील नसलेलेच निवाडे चांगले असतात. पक्षकार विचार करून येतात.”

“आणि रात्री?” मी एकदा मध्येच विचारले, कारण या किनाऱ्यावरील मोठे स्ट्रायपर बहुधा रात्रीचे लागतात आणि रात्री डोळ्याची साक्ष आपोआप बाद होते. मला वाटले होते की या प्रश्नाने जावई निरुत्तर होतील. अण्णांनी तर विजयाने पान लावायलाही घेतले. परंतु जावयांनी ऱ्होड आयलंडची एक हकीकत पुढे केली. तेथील निनिग्रेटसारख्या खाऱ्या तलावांत मे-जूनच्या संध्याकाळी चिखलातले तांबूस कृमी प्रजननासाठी वर येतात आणि हजारोंच्या संख्येने पाण्याच्या अगदी वरच्या थरात गिरक्या घेत पोहतात. मासे त्यांना ओठांनी टिपल्यासारखे अलगद टिपतात. कृमीच्या आकाराची फ्लाय तेथे दोन बोटे खाली गेली तरी ती मेजवानीच्या पंगतीबाहेर पडते. काळोख असो वा नसो, तिला वर धरून ठेवणारी लाइनच हवी, आणि ती ओघाबरोबर कृमीच्याच चालीने, जवळजवळ न ओढता वाहू द्यावी लागते. याच भागातील केन एब्रेम्स यांनी तर, रात्रीच्या स्ट्रायपरसाठी तरंगत्या लाइनवर फ्लाय अशी ओघात सोडून देण्याची एक स्वतंत्र परंपराच आपल्या लेखनातून मांडली. अण्णांनी पान तसेच हातात धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला या साऱ्या वादातील सर्वांत मार्मिक वाटतो. “प्लास्टिक येण्यापूर्वी लोक काय करीत? १९४८ साली ओरेगॉनच्या कूस बे येथे जो ब्रुक्स यांनी २९ पौंड ६ औंसांचा स्ट्रायपर फ्लायवर धरला, असे तुम्हीच मला वाचून दाखविलेत. तेव्हा यांपैकी कोणती लाइन होती?”

“रेशमाची, अण्णा. रेशीम पाण्याहून जड असते. चरबीचा हात फिरवला की तरंगते, नाही फिरवला की भिजून सावकाश बुडते.”

“म्हणजे एकच दोर, सकाळी तुमचा आणि संध्याकाळी माझा.”

“हो, पण रोज रात्री रिळावरून सोडवून वाळत घालावा लागे. नाही तर कुजे.”

“मग तेवढे काम करणारी माणसे तेव्हा होती, एवढेच.”

माझे स्वतःचे मत या ठिकाणी बनले. मासा किती खोल आहे हा प्रश्न दुय्यम आहे. फ्लाय पाण्यात पडल्यानंतर लाइनकडून आपल्याला कोणते काम हवे आहे, हा मुख्य. उचलून पुन्हा टाकणे, ओघात कमान दुरुस्त करणे, फ्लाय स्थिर धरून ठेवणे, ही कामे हवी असतील तर तरंगत्या लाइनला पर्याय नाही, मग पाणी मांडीभर असो की पुरुषभर. आणि टाकल्यावर केवळ सरळ रेषेत ओढत आणणे व स्पर्श सांभाळणे एवढेच काम असेल, तर इंटरमीडिएट तेच काम वारा, लाट व पाणवनस्पतींच्या कचऱ्यात दुपटीने चांगले करते. लीडरची, म्हणजे लाइन व फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक दोऱ्याची, लांबीही यातूनच ठरते: जावई दहा-बारा फुटांचा लीडर लावतात, कारण त्यांची लाइन माशाला दिसते, अण्णा सहा-सात फुटांचा, कारण लाइन खाली गेली आणि लांब लीडरवर फ्लाय वरच राहिली तर बुडण्याचा उपयोग काय. अण्णांची लाइन पारदर्शक आहे, त्यामुळे ती ब्रूस्टरच्या काचपाण्यातही माशाला बुजवत नाही, हा त्यांचा एक आवडता मुद्दा आहे. “माशाला दिसत नाही हे कबूल,” जावई म्हणतात, “पण तुम्हालाही दिसत नाही. फ्लाय कुठे आहे ते तुम्ही अंदाजाने सांगता.” अण्णा म्हणतात, बोटाने सांगतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. मेरिमॅकच्या दोन दगडी धक्क्यांमधून सुकतीचा लोंढा बाहेर पडतो तेव्हा त्या लोंढ्यात तळाशी दबून बसलेल्या माशापर्यंत यांपैकी कोणतीच लाइन पोहोचत नाही. तेथे पहिले पंचवीस-तीस फूट टंगस्टनच्या पुडीने जड केलेली, सेकंदाला सहा इंचांनी बुडणारी आणि मागे बारीक धावता दोर असलेली लाइन लागते, व तिला लीडर अवघा तीन-चार फुटांचा. ती टाकणे हे श्रमाचे काम आहे, फेक एकच, आणि कौशल्याला वाव थोडा. होडीतल्या माणसाला ती अवश्य असावी. पायी उतरणाऱ्याने पहिली खरेदी म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये.

परंतु ज्या एका बाबतीत बहुतेक लोक फसतात, आणि खोक्यावर ठळक छापलेली असूनही वाचीत नाहीत, ती बाब तापमानाची. याविषयी जावयांचा शब्द प्रमाण. लाइनचे प्लास्टिक मुळात कडक असते. त्यात तेलकट मृदुकारक घालून ते लवचिक करतात, आणि किती घालायचे हे ती कोणत्या हवेत वापरायची त्यावर ठरते. फ्लोरिडाच्या वा उष्ण कटिबंधाच्या पाण्यासाठी केलेली लाइन कडक ठेवलेली असते, कारण तेथील उन्हात मऊ लाइन लोळागोळा होऊन रॉडच्या कड्यांना चिकटते. तीच लाइन मे महिन्यात न्यूबरीपोर्टच्या बर्फाळ पाण्यात आणली की रिळावरून उतरताना घडीघडीने स्प्रिंगसारखी वेटोळी घालते. कितीही ताणा, पुन्हा वेटोळे. उलट, येथील लाइन कोकणात नेली तर? हा प्रश्न अण्णांनी एका वर्षी गांभीर्याने विचारला, कारण खाडीच्या मुखाशी खडकांत दबून राहणाऱ्या तांबोशीला आणि चिखलाच्या पाण्यातल्या जिताड्याला फ्लाय दाखवावी असे त्यांच्या मनात बरेच दिवस घोळत होते.

“वैशाखात ती लाइन शिजवलेल्या शेवयांसारखी होईल,” जावई म्हणाले. “कोकणासाठी उष्ण पाण्याची घ्या, आणि तिथे मात्र तुमचीच इंटरमीडिएट. गढूळ पाण्यात डोळ्याला काही काम नाही.”

“हे लेखी द्या.”

लाइन धुण्यावरून त्यांच्यात भांडण नाही, परंतु धुण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण शंभर डॉलरच्या आगेमागे किमतीची ही वस्तू बहुतेकांच्या हातून निष्काळजीपणानेच मरते. घरी आल्यावर जावई घमेल्यात कोमट गोडे पाणी घेतात, त्यात साबणाचा एक थेंब, आणि लाइन रिळावरून सैल काढून त्यात भिजत ठेवतात. अण्णा स्टुलावर बसून जुन्या धोतराचा मऊ तुकडा चिमटीत धरतात आणि लाइन त्यातून वीत-वीत ओढून घेतात. फडक्यावर काळसर रेघ उमटते; ती खाऱ्या पाण्यातली शेवाळाची साय. मध्येच ते थांबतात, लाइन अंगठ्याच्या नखाखालून सरकवतात, जेथे लेपाला भेग गेली असेल तेथे नख अडते. अशी भेग तरंगत्या लाइनमध्ये पडली की आत पाणी शिरते आणि टोक बुडू लागते. टोकाजवळ लाइनचा प्रकार बारीक छापलेला असतो, डब्ल्यूएफ-९-एफ किंवा डब्ल्यूएफ-९-आय, आणि तो पुसट झाला की अण्णा चष्मा कपाळावर चढवून, लाइन डोळ्यांपासून वीतभर धरून, जुन्या सातबाऱ्यावरील अक्षर लावावे तसे ते अक्षर लावतात. लाइनचा खरा शत्रू मीठ नव्हेच. प्लम बेटाच्या खाजणांत जुलै उजाडला की हिरव्या डोळ्यांच्या गोमाश्या उठतात, त्यांच्या चाव्याने माणूस पाण्यात उडी घेईल अशा; म्हणून लोक हातापायांना डीट असलेले मलम चोपडतात, आणि तेच हात लाइनला लावतात. डीट प्लास्टिक खाते. एका हंगामात लाइन चिकट होते, आणि दोष कारखानदाराला जातो. अण्णा मलम लावून घेतात ते मनगटांच्या वर, आणि तेही मुलीच्या हातून.

गेल्या खेपेस मी तेथे होतो तेव्हा ज्येष्ठात अधिक महिना आला होता आणि दुसऱ्या दिवशी षष्ठी होती. अण्णा पंचांगावरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करावी, की आमच्याकडे भरतीचा तास निघतो, आणि त्यात या मुलखाचा एक तास मिळवावा. षष्ठीची पाऊणपट साडेचार, म्हणजे येथे साडेपाच. जावयांनी भिंतीवरच्या छापील कोष्टकाशी ताळा पाहिला आणि काही न बोलता मान हलवली.

“म्हणजे साडेपाचला पाणी थांबेल, मग सुकती. पहिले दोन-तीन तास धक्क्याच्या आतल्या अंगाला ओघ आडवा. तिथे तुमची लाइन,” अण्णा म्हणाले. “ते मी सोडून देतो. पण नऊनंतर बंदरालगतच्या जोप्पाच्या चिखलावरून पाणी उतरू लागले की ते गढूळ, आणि वारा समोरून. तिथे माझी.”

“एका रॉडवर दोन लाइन कशा, अण्णा? जादा रीळ एकच आहे, आणि त्यावर सध्या बुडती लाइन आहे.”

“ती काढा. तुम्हीच म्हणालात, पायी जाणाऱ्याला तिचे काम नाही.”

“तिथे इंटरमीडिएट चढवायची तर नवी आणावी लागेल. तुमची भेगाळली आहे, काल तुम्हीच दाखविलीत. अजून शंभर डॉलर.”

अण्णांनी मुलीला हाक मारली. अधिक महिन्यात जावयाला वाण देण्याची वहिवाट आहे, तेहतीस अनारसे, तूप आणि दिवा. अनारशांचे तांदूळ भिजत घातले असल्याचे तिने आतूनच सांगितले. “अनारशांबरोबर यंदा दक्षिणाही आहे,” अण्णा जावयांना म्हणाले, “दुकान सातला बंद होते ना? उठा. नऊ नंबर, पारदर्शक, थंड पाण्याची. ग्रेन वाचून घ्या. वाण दिलेली वस्तू परत करता येत नाही आणि वापरली नाही तर सासऱ्याचा अपमान होतो, एवढे लक्षात असू द्या.”

जावयांनी गाडीची किल्ली उचलली.